आतडं काढलेली बंदूक

आमच्या घरच्या ठासणीच्या बंदुकीला तीन जन्मकथा होत्या आणि तिन्ही सांगणारी माणसं एकाच छपराखाली राहायची. आजोबांच्या मते बंदूक पेशवाईतली. बाजीराव ब्रह्मावर्ताला गेल्यावर कुणा सरदाराचा वाडा मोडला, त्यातून आलेली. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काकाआजोबा, हे ऐकून पानाचा चुना बोटावर तसाच ठेवून हसायचे. त्यांचं म्हणणं, पणजोबांचे वडील मुंबई फौजेत शिपाई होते. पेन्शनीत निघून दापोलीच्या काँपात उतरले, तेव्हा साहेबाने खूश होऊन दिलेली ही भेट. दोघांचं भांडण रंगात आलं की आजी आतून म्हणायची, "कुणीही देवो, साहेबानं हिचं आतडं काढून घेतलंय. म्हणून तर ही लांबचं मारत नाही." हे तिनं तिच्या सासूकडून ऐकलेलं. बायकांना बंदुकीतलं काय कळतं, म्हणून तिच्या कथेकडे कुणी लक्ष दिलं नाही.

गाव सह्याद्रीच्या पायथ्याचं, संगमेश्वर तालुक्यातलं. भात पोटरीत आलं की डुकरं उतरतात, म्हणून माळा बांधून राखण करायची आणि त्या राखणीसाठी बंदूक. १९५९ चा शस्त्र कायदाही हे मानतो: पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची त्यात वेगळी तरतूद आहे. माझ्या लहानपणी काका रात्री एक बार हवेत काढायचे. पुढचा अर्धा तास कुत्री भुंकायची आणि डुकरं पलीकडच्या वाडीच्या शेतात जायची. तिथेही एक बंदूक होतीच.

दोन्ही आजोबा गेले, आजी गेली, आणि भांडण सोडवायची उबळ मला आली. फौजेतून निवृत्त झालेले एक आर्मरर ओळखीचे होते, साताऱ्याकडचे. त्यांना गावी घेऊन गेलो. काका शेजारी बसून होते, कारण परवाना त्यांच्या नावावर आणि वस्तू त्यांच्या नजरेआड व्हायला नको. आर्मररांनी आधी गज नळीत सोडला, बाहेर किती उरतो ते बघितलं, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून ताडला. आत बार भरलेला नाही याची खात्री झाल्यावरच त्यांनी चष्मा लावला.

पेशवाईची कथा पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाली. पेशव्यांच्या काळातल्या बंदुका तोड्याच्या, नाहीतर चकमकीच्या. पुढे अशा कितीतरी चकमकीच्या बंदुका केपाच्या करून घेतल्या गेल्या, पण तसं केलं की खुणा राहतात: रंजकीची वाटी आणि चकमकीची स्प्रिंग काढून टाकल्यावर कळपट्टीवर बुजवलेली भोकं दिसतात. आमच्या कळपट्टीवर असं एकही भोक नाही. ती जन्मापासून केपाची. केपामागची कल्पना स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याची, अलेक्झांडर फोर्सिथची. चकमकीचा भपका आधी उडतो आणि बार मागून सुटतो, तेवढ्यात पक्षी उडून जातात, याला तो शिकारी पाद्री वैतागला होता. आपटल्याबरोबर पेटणाऱ्या दारूचं पेटंट त्यानं १८०७ मध्ये घेतलं. तांब्याची केप त्यानंतरची, आणि ब्रिटिश फौजेत ती सरसकट रुळली १८४० च्या आसपास. शनिवारवाड्यावरचा जरीपटका त्याच्या कितीतरी आधी, १८१७ मध्ये उतरला होता.

कळपट्टीवर घोड्याच्या मागे मुकुट आणि खाली व्ही. आर. ही अक्षरं निघाली. पुढच्या बाजूला १८५६ आणि 'टॉवर'. हा शब्द वाचून काका खूश झाले. लंडनच्या किल्ल्यात बनलेली बंदूक! तसं नव्हे. टॉवर हा सरकारी पसंतीचा शिक्का. बंदुकीचे भाग बहुतेक बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांनी घडवलेले असायचे. शिवाय या शिक्क्याच्या नकलाही खूप. सरहद्दीवरच्या खैबर भागातले कारागीर हुबेहूब बंदुका घडवत, पण अक्षर ओळखीचं नसल्यामुळे शिक्क्यात एखादं उलटं पडायचं. आर्मररांनी भिंगातून एकेक अक्षर तपासलं. सगळी सुलटी होती. दोन स्क्रू काढून कळ उलटी केली, तर आत लोखंडावर कारागिराची आद्याक्षरं ठोकलेली.

एवढ्यावरून बंदूक ठरली: १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल. जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ पेटलं, तीच. आता रायफल म्हटल्यावर नळीत आटे हवेत. एन्फील्डला ते तीन असत. गोळी आत सहज सरकायची, पण बार झाला की तिचं पोकळ बूड फुगून आट्यांत रुतायचं आणि गोळी स्वतःभोवती फिरत निघायची. म्हणून ती सरळ आणि लांब जायची. तिच्या नेमपट्टीवर नऊशे यार्डांपर्यंतचे आकडे होते. आर्मररांनी नळीत उजेड सोडला. आत काही नाही. आरशासारखी गुळगुळीत.

गंजून, झिजून आटे गेले असतील, असं काका म्हणाले. आर्मररांनी नळीच्या तोंडाला व्हर्नियर लावला. एन्फील्डचा व्यास .५७७ इंच, म्हणजे साधारण १४.७ मिलिमीटर. आमच्या नळीचा भरला साडेसोळाच्या वर, सतराच्या आत. झीज दोन मिलिमीटर होत नाही, आणि चहूबाजूंनी सारखी तर मुळीच नाही. नळी मुद्दाम कोरलेली होती.

उठाव मोडल्यावर ब्रिटिशांनी फौजेची जी फेररचना केली, तिच्यात तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती गेला, हे शाळेत शिकवतात. बंदुकांचं काय केलं ते शिकवत नाहीत. हिंदी शिपायाच्या हाती नऊशे यार्डांचं हत्यार ठेवायचं नाही असं ठरलं. पण तयार रायफली टाकून कशा द्यायच्या? मग त्यांच्या नळ्या आतून कोरून आटे काढून टाकले, व्यास .६५६ इंच केला, मापाची नेमपट्टी उतरवून तिथे एक खाच असलेला साधा ठोकळा बसवला. बाहेरून बघणाऱ्याला एन्फील्डच दिसावी, आतून मात्र शंभर यार्डांपलीकडे जिचा भरवसा नाही अशी नळी. याला १८५८ चा नमुना म्हणतात. मुंबई फौज बहुतांशी शांत राहिली होती. कोल्हापुरात २७ वी नेटिव्ह इन्फंट्री ३१ जुलै १८५७ च्या रात्री उठली, ती इकडची मोठी घटना. पण अविश्वासाला प्रांत नव्हता. गोऱ्यांना १८६६ पासून मागून भरायच्या स्नायडर रायफली मिळू लागल्या, आणि हिंदी पलटणी हत्यारांत कायम एक पिढी मागे राहतील हा नेम पुढे कित्येक दशकं पाळला गेला.

आजीनं हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं. पलटणीत कुणीतरी ते बोललं असणार. शिपायाला आपल्या हातात काय दिलंय ते पहिल्या चांदमारीत कळतं. तिथून ते पेन्शनीबरोबर गावात आलं, आणि पुरुष सरदार-साहेबांत रमलेले असताना चुलीपाशी टिकलं.

नळीचा पुढचा भागही कापलेला आहे. मूळची एकोणचाळीस इंची, आता तीसच्या आसपास, आणि तीन कड्यांपैकी दोनच उरलेली. काकाआजोबा सांगायचे, १८७८ च्या हत्यारबंदीत गोऱ्यांना मुभा आणि आपल्याला परवाने, तेव्हा ती भाताच्या कणगीत लपवायची म्हणून कापली. गोष्ट झकास आहे, पण मला वेगळंच वाटतं. कोरल्यामुळे या नळ्या इतक्या पातळ झाल्या होत्या की त्या फुगायच्या, वाकायच्या. म्हणून दुसऱ्याच वर्षी जाड नळीचा १८५९ चा नमुना काढावा लागला. आमच्या नळीचं तोंड फुगलं असणार आणि कुणा लोहारानं तेवढं उतरवलं. कणगीला अर्थात माझा विरोध नाही. कापलेली बंदूक कणगीतही मावते.

ती घरात कशी आली, हा प्रश्न राहिलाच. सरकारी मालावर बाणाचा शिक्का असतो. तो माल रीतसर विकला की टोकाला टोक भिडवलेला दुसरा बाण ठोकत. आमच्या बंदुकीवर एकच बाण सापडला. म्हणजे साहेबाची भेट, लिलाव की चोरी? एका बाणावरून फाशी देता येत नाही. दुसरा बाण कापलेल्या लाकडावरही गेला असेल. दस्त्याला एका जागी फणसाचं ठिगळ आहे, अक्रोडाच्या काळपट लाकडात पिवळंजर्द. त्या जागी काय होतं कोण सांगणार?

खरा पुरावा दस्त्याच्या पितळी पत्र्यावर होता. पलटणीचा आणि बंदुकीचा क्रमांक बहुधा तिथेच ठोकत. तो आकडा मिळाला असता तर पणजोबांच्या वडिलांची पलटण कळली असती. पण खंडेनवमीला बंदूक पूजेला मांडायची, म्हणजे आदल्या दिवशी पितळ चिंचेनं आणि राखेनं घासायचं, हा घरचा नियम. पिढ्यान्‌पिढ्या इतक्या श्रद्धेनं घासलं की पत्रा आता लख्ख आहे. तिरपा धरला की एका आकड्याची शेपटी दिसते. दोन असेल, तीन असेल, सातही असेल. लहानपणी दसऱ्याच्या सुट्टीत हे काम आम्हा मुलांकडे असायचं, आणि जो जास्त चकचकीत करील त्याला झेंडूची मोठी माळ.

परवान्यात बंदुकीच्या बनावटीपुढे 'देशी' लिहिलंय. कुणा कारकुनानं कधीतरी लिहिलं आणि प्रत्येक नूतनीकरणात ते तसंच उतरत गेलं. या वेळी अर्ज भरताना मी काकांना म्हटलं, आता ठाऊक झालंय तर बर्मिंगहॅम लिहू या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "निवडणूक आली की जमा करायला लावतात, ते पुरे नाही का? बर्मिंगहॅम लिहिलंस तर चौकशीला बोलावतील, बंदूक ठेवून घेतील, आणि कागद फिरेपर्यंत डुकरं भात खाऊन जातील. फणस आपल्या परसातला, गज आपल्या लोहाराचा. देशी नाही तर काय?" मग अर्जावर सही करून म्हणाले, "केपा संपल्यात. परवाना घेऊन कोल्हापूरला जायचंय. उद्या गाडी काढतोस का?"