दुवा म्हणजे साक्ष

आपल्या वेबसाइटला दुवा कोण देईल, हे शोधायचं कसं? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचं मूळ १९व्या शतकात आहे. १८७३ साली अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी वकिलांसाठी चिठ्ठ्या छापल्या. जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या निकालांनी घेतला, ते त्यांवर असे. वकील त्या पुस्तकाच्या समासात चिकटवत. हीच कल्पना १९५५ मध्ये यूजीन गारफिल्ड यांनी विज्ञानासाठी मांडली, आणि १९६४ मध्ये त्यांचा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला. १९७३ मध्ये हेन्री स्मॉल यांनी पुढचं सूत्र दिलं: दोन निबंधांचा उल्लेख अनेक जण एकत्र करत असतील, तर त्यांचे विषय जवळचे समजावेत.

१९९८ मध्ये पेज आणि ब्रिन यांनी गूगल उभं केलं ते याच परंपरेवर. दुवा म्हणजे साक्ष. साक्षीदार जितका वजनदार, तितकी साक्षही. पण साक्षीला मोल आलं की साक्षीदार विकत मिळू लागतात! दुव्यांचा बाजार भरला. अखेर २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आणून गूगलनं अशा साइट्स खाली ढकलल्या.

तेव्हा स्मॉल यांचं सूत्रच वापरा. तुमच्या विषयावरच्या दोन-तीन चांगल्या साइट्स घ्या. त्या सगळ्यांना दुवा देणारी, पण तुम्हाला न देणारी पानं शोधा. तिथला वाचक तुमचाही आहे. फक्त आधी विचारा, त्याला देण्यासारखं आपल्याकडे काही आहे का? नसेल तर ते आधी लिहा, दुवा नंतर मागा.