‘किंग्जमन’ : हसत खेळत केलेली हेरगिरी

‘किंग्जमन : द सीक्रेट सर्व्हिस’ हा मॅथ्यू व्हॉन दिग्दर्शित ब्रिटिश हेरपट २०१५ च्या आरंभी प्रदर्शित झाला. मार्क मिलर व डेव्ह गिबन्स यांच्या चित्रकथेवर तो आधारलेला असून पटकथा व्हॉन आणि जेन गोल्डमन यांची आहे. लंडनमधील सॅव्हिल रो या उंची शिंप्यांच्या रस्त्यावर एका दुकानाआड गुप्त हेरसंस्था चालते. तिच्या हेरांना आर्थर राजाच्या सरदारांची नावे आहेत. त्यांची छत्री ढालीचे काम करते आणि बुटाच्या टोकातून विषारी पाते निघते. डॅनियल क्रेगच्या काळात बाँडपट गंभीर झाले होते. रॉजर मूरच्या काळातील खट्याळपणा व्हॉन यांनी येथे परत आणला.

मात्र हा खट्याळपणा पेलला आहे तो नटांनी. कॉलिन फर्थ तोवर ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेतील डार्सी आणि ‘द किंग्ज स्पीच’मधील ऑस्करविजेता राजा म्हणून परिचित होता. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने अनेक महिने कसून सराव केला आणि हाणामारीची बरीचशी दृश्ये स्वतः केली. दारूच्या गुत्त्यात दाराला कडी घालून तो गुंडांना सभ्यतेचा धडा देतो. या दृश्यात हसू येते, कारण आपण विनोद करीत आहोत याची पुसटशी जाणीवही त्याच्या चेहऱ्यावर नसते. केंटकीतील चर्चमध्ये मात्र हाच विनोद प्रेक्षकावर उलटतो. यंत्राच्या प्रभावाखाली हॅरी डझनावारी माणसे मारतो आणि भानावर आल्यावरचा त्याचा सुन्न चेहरा पाहताना मघाच्या टाळ्या अवघड वाटू लागतात.

सॅम्युएल एल. जॅक्सनने रंगवलेला खलनायक व्हॅलेंटाइन बोबडे बोलतो आणि रक्त दिसताच त्याला मळमळते. पृथ्वी वाचवण्यासाठी माणसे मारायला मात्र तो निघाला आहे. पात्यांच्या पायांची त्याची साथीदार गॅझेल सोफिया बुटेलाने साकारली आहे. बुटेला मूळची नर्तिका, आणि ते तिच्या प्रत्येक झेपेत दिसते. मार्क स्ट्राँगचा मर्लिन अबोल आणि नेमका.

टॅरन एगर्टनची ही पहिलीच मोठी भूमिका. गरीब वस्तीतला एग्झी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलांशी स्पर्धा करतो. पुढे तो सूट चढवतो, त्याची चालही बदलते. पण बोलण्याचा हेल तो सोडत नाही. एगर्टनच्या अभिनयातील ही सर्वांत मोलाची निवड होय. सभ्यपणा जन्माने येत नाही, हे चित्रपटाचे म्हणणे त्यामुळे उपदेशाविना पोचते. शेवटी स्वीडिश राजकन्येवरून केलेला अश्लील विनोद मात्र या म्हणण्यालाच छेद देतो; त्यावर झालेली टीका योग्यच होती. २०१७ चा दुसरा भाग आणि २०२१ चा पूर्वकथापट यांना पहिल्याची सर आली नाही.

संस्थेचा प्रमुख आर्थर झाला आहे मायकेल केन. लंडनच्या मासळीबाजारातील हमालाचा हा मुलगा १९६५ च्या ‘द इप्क्रेस फाइल’मध्ये चष्मा लावणारा साधा हेर होता, ‘किंग्जमन’मधील जाड काड्यांचे चष्मे त्या भूमिकेची आठवण करून देतात. आर्थर एग्झीला सतत खालच्या कुळाचा म्हणून हिणवतो. विषाचा पेला चुकून स्वतःच प्यायल्यावर मरता मरता त्याच्या तोंडून शिवी निघते, आणि ती ईस्ट एंडच्या अस्सल कॉकनी हेलात.