ट्राम आली, चुंबक अलिबागला गेले

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४पासून धावत होती. घोड्यांचा कुलाब्याच्या वेधशाळेला काही उपद्रव नव्हता. विसाव्या शतकाच्या तोंडावर ट्राम विजेवर न्यायचं ठरलं आणि संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच पडला. ट्रामची वीज रुळांवाटे परत जाते, वाटेत जमिनीत झिरपते आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजण्यासाठी वेधशाळेत टांगलेले नाजूक चुंबक हलवते. मग नोंद पृथ्वीची की ट्रामची, हे सांगणार कोण?

ईस्ट इंडिया कंपनीने ही वेधशाळा १८२६मध्ये उभारली, मुख्यतः जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. चुंबकीय नोंदी १८४१ साली सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली नागावचा एक पोरसवदा मुलगा मदतनीस म्हणून लागला होता. तेच पुढचे केरूनाना छत्रे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरही काही काळ इथले प्रमुख होते. काम मात्र रुक्ष. दुर्बिणीतून चुंबकाची हालचाल बघायची, आकडा टिपायचा, तासाभराने पुन्हा तेच. चुंबक बिथरला की हेच वाचन पाच-पाच, पंधरा-पंधरा मिनिटांनी.

२ सप्टेंबर १८५९ला तो असा बिथरला की सकाळी अकराच्या सुमारास क्षेत्राचा आडवा घटक १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे सुमारे चार टक्क्यांनी घसरला. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर झगमगता भडका पाहिला होता. युरोपातल्या स्वयंचलित यंत्रांच्या फोटोरेषा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात माणूस डोळ्याने वाचत होता, म्हणून आकडा हाती लागला!

त्या घसरणीमागची साखळी कळायला शंभर वर्षं लागली. सूर्याकडून सतत वाहणाऱ्या प्लाझ्माला, म्हणजे सौरवाऱ्याला, पृथ्वीचं क्षेत्र दिवसाच्या बाजूला सुमारे दहा पृथ्वीत्रिज्यांवर, साठ-पासष्ट हजार किलोमीटर दूर, थोपवून धरतं. या सीमेवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या रेषा उत्तरेकडे जातात. सौरवाऱ्यातलं क्षेत्र दक्षिणमुखी असलं तर दोन्हीकडच्या रेषा तुटतात, परस्परांना जोडल्या जातात आणि सौरवाऱ्याची ऊर्जा आत शिरते. ही कल्पना जेम्स डंगी यांनी १९६१मध्ये मांडली. नासाच्या एमएमएस मोहिमेतल्या चार उपग्रहांनी २०१५पासून सीमेवर इलेक्ट्रॉनांच्या पातळीवर ही तोडजोड टिपली आहे. आत शिरलेल्या ऊर्जेने पृथ्वीभोवती विद्युतप्रवाहाचं कडं बळावतं. त्याचं क्षेत्र विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असतं, म्हणून मुंबईसारख्या ठिकाणी आकडा खाली जातो.

मूस यांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की साठ-पासष्ट वर्षांची नोंद तुटता कामा नये. कुलाब्यापासून तीसेक किलोमीटरवरचं अलिबाग त्यांनी निवडलं: ट्रामच्या टप्प्याबाहेर, पण आकड्यांचा मेळ बसेल इतकं जवळ. इमारतीला पोरबंदरी दगड लावला, तोही चुंबकत्व तपासून. लोखंडाला तिथे मज्जाव, बिजागऱ्या-कुलपंसुद्धा तांब्या-पितळेची. शिवाय १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचन चालू ठेवलं, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांतला फरक मोजता यावा. १८५९च्या त्या चुंबकीय वादळाची कीर्ती मोठी आहे खरी, पण शास्त्रज्ञ म्हणून मूस यांची खरी कमाई या दोन वर्षांत दिसते. मुंबईत विजेची ट्राम १९०७च्या मे महिन्यात धावली. तोवर चुंबक खाडीपार स्थिरावले होते. १९१०मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५च्या नोंदी चर्चेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

जुनी दफ्तरं पुन्हा उघडली २००३मध्ये. ब्रूस त्सुरुतानी यांच्यासह भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लाखिना आणि एस. अ‍ॅलेक्स यांनी १८५९च्या वादळाची तीव्रता उणे १७६० नॅनोटेस्ला असल्याचं अनुमान काढलं; कुलाब्याचे आकडे त्याच्याशी जुळणारे होते. तुलनेला १९८९चं, क्वेबेकमध्ये अंधार करणारं वादळ घ्या: त्याची तीव्रता उणे ५८९. मात्र हा निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाही. कुलाब्याची ती घसरण फार थोडा वेळ टिकली आणि चटकन सावरली. कड्यातला प्रवाह इतक्या लवकर ओसरत नाही. म्हणून काही अभ्यासक तिचं श्रेय ध्रुवीय प्रकाशाशी निगडित प्रवाहांना देतात, जे त्या दिवशी नेहमीपेक्षा पुष्कळच दक्षिणेला सरकले असावेत.