मॉलमधली बाग कुणासाठी?

आठवडी बाजारात तास-दोन तास फिरून पाय दुखायला लागले की तुम्ही कुठे टेकता? एखाद्या वडाखाली, नाहीतर देवळाच्या पारावर. पिशव्या खाली ठेवायच्या, घोटभर पाणी प्यायचं, ओळखीचं कुणी भेटलं तर चार शब्द बोलायचे. त्या सावलीचं भाडं कुणी मागत नाही. आज गोष्ट सांगणार आहे ती ही सावली मॉलमध्ये नेणाऱ्या माणसाची.

त्याचं नाव व्हिक्टर ग्रुएन. जन्म १९०३ चा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातला. घराणं ज्यू, पेशा वास्तुरचनेचा. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ग्रुएनला अमेरिका गाठावी लागली. व्हिएन्नात माणसं पायी हिंडायची, चौकातल्या कॅफेत निवांत बसायची. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेर नव्या वसाहती उठत होत्या. घर एकीकडे, दुकानं दुसरीकडे, मध्ये नुसता मोटारींचा रस्ता. नवरा गाडी घेऊन कामावर गेला की बाई आणि मुलं घरातच अडकायची. ना चौक, ना पार. ग्रुएनने ठरवलं, खरेदीच्या जागेलाच गावाचा चौक करायचा.

१९५४ मध्ये डेट्रॉइट शहराजवळ त्याचं ‘नॉर्थलँड’ उघडलं. मधोमध एक भलंमोठं दुकान, भोवती लहान दुकानं आणि त्यांच्यामधल्या उघड्या अंगणांत झाडं, फुलांचे वाफे, कारंजी, बाकं. मुलांसाठी अस्वलावर बसलेल्या पोराचं शिल्पही होतं. मोटारी बाहेरच्या बाहेर थांबायच्या, मालाचे ट्रक जमिनीखालच्या रस्त्याने यायचे. आत फक्त पायी माणसं. मूल हात सोडून पळालं तरी आईच्या काळजात धस्स होणार नाही, अशी ती जागा.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, मिनेसोटा राज्यात ‘साउथडेल’ उघडलं. तिथली थंडी हाडं गोठवणारी, म्हणून ग्रुएनने सगळा बाजार एका छपराखाली घेतला. दुकानांची तोंडं आत आणि बाहेर कोऱ्या भिंती. मधल्या चौकात वरून उजेड येईल अशी सोय, खरी झाडं, माशांचं तळं, पक्ष्यांचा उंच पिंजरा, टेबल-खुर्च्या मांडलेला कॅफे. बाहेर बर्फ पडत असला तरी आत वसंत ऋतू! जगभरच्या बंदिस्त मॉलचा हाच नमुना ठरला.

ग्रुएन काही साधू नव्हता. माणसाला बरं वाटलं की तो जास्त वेळ थांबतो आणि खरेदीही करतो, हे तो दुकानमालकांना सांगायचाच. पण त्याचा मूळ आराखडा मोठा होता. बाजाराभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं, असं अख्खं गाव त्याला वसवायचं होतं. मॉल झाला, गाव राहिलं. पुढे नकला करणाऱ्यांनी हिशेब मांडला. झाडाला माळी लागतो, पाणी लागतं, उजेड लागतो, आणि झाड भाडं देत नाही. मग कुठे बाकाच्या जागी विक्रीचा ठेला आला, कुठे खऱ्या झाडाच्या जागी प्लास्टिकचं. एक वस्तू घ्यायला गेलेलं माणूस झगमगाटात भान हरपून भलतंच घेऊन येतं ना, त्याला आज ‘ग्रुएन परिणाम’ म्हणतात. ज्याला चौक बांधायचा होता, त्याचं नाव भुरळीला चिकटलं.

१९६८ मध्ये तो व्हिएन्नाला परतला. पण १९७६ मध्ये त्या शहराच्या वेशीवरही अवाढव्य मॉल उभा राहिला. १९७८ मध्ये लंडनच्या एका भाषणात त्याने सांगून टाकलं, की ही असली बांधकामं माझी लेकरं नव्हेत, त्यांची जबाबदारी मी घेणार नाही. १९८० मध्ये तो गेला.

आपल्याकडे १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ मॉल उघडला, तेव्हा सुरुवातीला गर्दी आवरायला प्रवेशावरच अटी होत्या. मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरा. तेव्हा मोबाइल किती जणींकडे होता? पाराखाली बसायला असं कधी काही दाखवावं लागलं होतं का?

मैत्रिणींनो, ही गोष्ट लांबच्या देशाची वाटेल, पण हिशेब इथलाच आहे. तालुक्याच्या गावी जुनी मंडई पाडून व्यापारी संकुल बांधायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड झाडावर पडते, कारण तिथे आणखी दोन गाळे बसतात. दिवसभर उन्हात भाजी विकणारी आणि कडेवर लेकरू घेऊन ती घ्यायला येणारी, दोघींची सावली एकदमच जाते. म्हणून नकाशा मंजूर होण्याआधी तो बघायला मागा. विचारा, झाड कुठे आहे? बाक कुठे आहे? बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे? गाळे किती, हे सांगायला पुष्कळ जण येतील. बसायचं कुठे, हे आपल्यालाच विचारावं लागेल.