शिडी

आमच्या गावात व्हीसीडी हा शब्द कधी कुणाच्या तोंडी बसला नाही. सगळ्यांची ती 'शिडी'. पुढं डीव्हीडी आली, तर तिलाही शिडीच म्हटलं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. दिसायला दोन्ही सारख्याच, चकचकीत, मधोमध भोक. पण एक आमच्या डब्यात चालायची, आणि दुसरी घातली की बराच वेळ घरघर होऊन पडद्यावर 'नो डिस्क' यायचं. आप्पा म्हणायचे, "ह्याला वळख पटंना झालीया."

माण तालुक्यातलं आमचं गाव. शिडीच्या आधी व्हीसीआरचा जमाना होता, पण तो घरात कुणाच्याच नव्हता. गणपतीत वर्गणी काढून दहिवडीहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं यायचा, देवळापुढं मांडायचा आणि एका रात्रीत तीन पिक्चर उरकायचे. भाडं एका रात्रीचं, मग झोपतंय कोण? ज्याला आपलं स्वतःचं यंत्र म्हणता येईल असं पहिलं आलं ते थेट शिडीचंच. कुठल्या कंपनीचं ते कळायला मार्ग नाही. पाठीवर चिनी अक्षरं होती, एवढंच.

ही जी आमच्याकडं झालेली उडी आहे ना, ती निम्म्या आशियात झाली. 1993 साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी मिळून व्हीसीडीचं मानक ठरवलं. तबकडी गाण्याच्या सीडीचीच, तिच्यावर 74 मिनिटांचं चित्र दाबून बसवायचं. चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, म्हणजे साधारण व्हीसीआरच्या तोडीचं. अमेरिका-युरोपात घरोघर व्हीसीआर होते, त्यांना या तबकडीचं काही अप्रूप वाटलं नाही. ती रुजली चीनमध्ये, आग्नेय आशियात आणि आपल्याकडं. 1996 च्या अखेरीला जपानात डीव्हीडी विकायला आली. तिच्या एका थरात 4.7 जीबी माल मावतो, चित्र कितीतरी स्वच्छ. कागदावर बघितलं तर व्हीसीडीचा खेळ तिथंच संपायला हवा होता. आमच्या गावात तेव्हा तो सुरूसुद्धा झाला नव्हता.

गावात शिडी आली 2001-02 च्या सुमाराला. तीन तासांचा पिक्चर दोन नाहीतर तीन शिड्यांवर. पहिली संपली की आई चुलीवरचं बघून यायची, कुणी गोठ्यात जाऊन यायचं, तेच आमचं मध्यंतर. चौदा इंची टीव्हीवर डीव्हीडीचं चित्र लख्ख आणि व्हीसीडीचं फिकं, असला फरक कुणाला दिसलाच नाही. शिंगणापूरच्या चैत्रातल्या यात्रेत शिड्यांच्या पाली लागायच्या : भारुडं, कीर्तनं, खंडोबाची गाणी, दादा कोंडके. तिकडं मालेगावात तर शेख नासिरसारख्या माणसानं साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला होता. हलक्या यंत्रांवर चालणाऱ्या पिक्चरची एक दुनियाच उभी होती आणि शहरातल्या लोकांना तिचा पत्ता नव्हता.

2006 साली आक्काचं लग्न झालं. शूटिंगवाल्यानं विचारलं, "व्हीसीडी देऊ का डीव्हीडी?" दादा पुण्याला नोकरीला, त्याच्याकडं डीव्हीडीचा प्लेअर. तो म्हणाला, "डीव्हीडीच घ्या, चित्र भारी येतं." आप्पांनी विचारलं, "आणि तुझ्या आत्याच्या डब्यात ती चालंल व्हय?" नाही चालणार, असं शूटिंगवाल्यानंच सांगितलं. "मग पुण्यात शिडी चालंल का?" चालेल. "मग शिडीच दे."

जुनी तबकडी नव्याशेजारी इतकी वर्षं का टिकली, याचं माझ्या मते खरं कारण या चार वाक्यांत आहे. डीव्हीडीवरची नक्षी फार बारीक, ती वाचायला 650 नॅनोमीटरचा लेझर लागतो. व्हीसीडीची जाडीभरडी, तिला 780 चा पुरतो. विकायचं तर लोकांच्या घरातल्या जुन्या तबकड्या चालल्या पाहिजेत, म्हणून डीव्हीडीच्या यंत्रात दोन्हींची सोय ठेवली. जुन्या डब्याला मात्र नवी वाचता येणं शक्यच नव्हतं. त्यामुळं सात घरी द्यायची वस्तू सातांतल्या सगळ्यात जुन्या डब्याला धरून ठरायची. ब्लू-रेच्या शेजारी डीव्हीडी अजून विकली जाते, तिथंही थोडंफार हेच. नव्या यंत्रानं जुनीला दार उघडं ठेवलं की ती कशाला निघून जाईल?

नाहीतर किमतीचं गणित पाहा. 2007 च्या सुमाराला मोझर बेअरनं पिक्चर स्वस्त केले : व्हीसीडी 28 रुपयांना, डीव्हीडी 34 ला. सहा रुपयांचा फरक! तरी आमच्या बाजारात माणसं 28 वालीच उचलायची. सहा रुपये वाचत होते म्हणून नव्हे, नवा डबा घ्यायचे हजार-बाराशे वाचत होते म्हणून.

आक्काच्या लग्नाची शिडी आमच्या घरी एवढ्यांदा लागली की विचारू नका. हळदीच्या दिवशी आईनं जात्याशी बसून ओव्या म्हटल्या होत्या, त्या दुसऱ्या शिडीवर. 2011 ला आई गेली. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. शूटिंगवाल्याकडं मूळ कॅसेट मागितली, तर तिच्यावर त्यानं कधीच दुसरं लग्न घेतलेलं.

शिडी खराब होते ती खालच्या बाजूनं, अशी सगळ्यांची समजूत. कुणी टूथपेस्ट चोळतं, कुणी धोतरानं पुसतं. खरं तर खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असतं. चित्राचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, नुसत्या वार्निशाखाली. डीव्हीडीत तो दोन पापुद्र्यांच्या मध्ये सुरक्षित. आमच्या शिडीचा वरचा थर पोपडा धरून सुटला होता, उजेडाला धरली की आरपार भोकं दिसायची. ओव्या सुरू झाल्या की चित्र चौकोन-चौकोन व्हायचं आणि थांबायचं. दादाचीही प्रत तशीच, भाड्याच्या खोल्या बदलता बदलता तिची वाट लागलेली.

आत्याची मात्र धड होती. तिनं ती कुणाला दिली नव्हती. साडीच्या घडीत ठेवायची, वर्षातून एकदा दिवाळीला लावायची, तेही त्याच जुन्या डब्यावर, ज्याच्यापायी आम्ही व्हीसीडी घेतली होती. व्हीसीडीला कुलूप नसतं. भाच्यानं संगणकाला बाहेरून ड्राइव्ह जोडला, आतली डीएटी फाइल उचलली आणि पेनड्राइव्हवर ठेवली. दहा मिनिटांचं काम. ओव्या पहिल्यापासून शेवटपर्यंत आल्या, मध्ये आईचं खोकणंसुद्धा.

पेनड्राइव्हची एक प्रत आत्याला द्यायला गेलो. तिनं ती उलटीपालटी करून बघितली आणि माझ्या हातात परत ठेवली. "ही काडी तुझी तुला ऱ्हाऊ दे. माझी शिडी आणलीस का?"