‘हम लोग’ : निरूपण आणि आख्यान

दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही हिंदी मालिका भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली दीर्घ कौटुंबिक मालिका म्हणून ओळखली जाते. समीक्षेच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व या पहिलेपणात नाही. शासनयंत्रणेने संहितेत आधीच पेरलेला अर्थ प्रेक्षकांपैकी काहींनी उलटा वाचावा, आणि त्या वाचनाचा पुरावा हजारो पत्रांच्या रूपाने मागे उरावा, ही घटना आपल्याकडील कथनाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

मालिकेचा आराखडा मेक्सिकोतून आला. तेथे मिगेल साबिदो याने सत्तरच्या दशकात ‘आकोम्पान्यामे’ (१९७७) यांसारख्या मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार कथेच्या अंगाने केला होता. त्याच्या पद्धतीत पात्रांची पूर्वनियोजित विभागणी असे : अनुकरणीय, त्याज्य आणि या दोहोंमध्ये हेलकावणारी. भागाच्या अखेरीस एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीने बोध उलगडून सांगावा, हाही त्या पद्धतीचाच भाग. माहिती व नभोवाणी खात्याचे तत्कालीन सचिव एस. एस. गिल यांनी ही कल्पना उचलून धरली आणि लेखनाचे काम मनोहर श्याम जोशी यांच्याकडे आले. या निवडीतच एक विसंगती दडलेली होती. ‘कुरु कुरु स्वाहा’ (१९८०) या मुंबईत घडणाऱ्या कादंबरीत निवेदकाचेच तीन तुकडे करून त्यांना परस्परांवर शंका घ्यायला लावणारा हा लेखक. त्याच्या हाती शंकेला जागाच न ठेवणारा आराखडा देण्यात आला. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचे होते.

कुटुंब उत्तर भारतीय, निम्न मध्यमवर्गीय. निवृत्त सैनिक असलेले दादाजी, जुन्या वळणाची दादी, मद्यपी बसेसर राम, त्याची सोशिक पत्नी भागवंती आणि पाच मुले. थोरला लल्लू नोकरीच्या शोधात. मझली चित्रपटतारका होण्याच्या ओढीने मुंबई गाठते आणि फसते. छुटकीला डॉक्टर व्हायचे असते, तर नन्हेला क्रिकेटपटू. संकट येथे बाहेरून कोसळत नाही. अपुऱ्या मिळकतीतून आणि बापाच्या व्यसनातून ते रोज थोडे थोडे झिरपत राहते. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश प्रकट होता. तो प्रेक्षकांना रुचला नाही, तेव्हा तो मागे सारून स्त्रीचे स्थान आणि घरातील सलोखा ही सूत्रे पुढे आणली गेली. प्रेक्षकांनी संहितेत केलेला हा पहिला हस्तक्षेप होय.

दुसरा हस्तक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो भागवंतीविषयी आहे. आराखड्यानुसार ती त्याज्य आदर्श : नवऱ्याचा जाच आणि सासूची बोलणी मुकाट सोसणारी स्त्री पाहून प्रेक्षक स्त्रियांनी ‘असे होऊ नये’ असे म्हणावे, हा हेतू. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी मालिकेच्या परिणामांचा जो अभ्यास केला, त्यातून दिसले ते वेगळेच. काही प्रेक्षकांना, त्यांत स्त्रियाही आल्या, भागवंती हीच अनुकरणीय वाटली. याला अज्ञान म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण सोसण्यातून पावित्र्य सिद्ध होते हा संकेत पुराणकथांपासून बोलपटांपर्यंत इतका मुरलेला होता की, जयश्री अरोरा यांचा सोशिक चेहरा पडद्यावर आला की पात्राचे मूल्य त्या संकेतानेच ठरून जाई. पात्राचे मूल्य लेखक एकटा ठरवीत नाही, हे तत्त्व वाचककेंद्री समीक्षेने ग्रंथांतून मांडले. येथे ते घराघरांत घडत होते. त्या प्रेक्षक स्त्रियांची निवड सर्वस्वी पराधीन होती असेही म्हणता येत नाही. ज्यांना घर सोडून जाण्याची वाटच उपलब्ध नव्हती, त्यांच्यासाठी भागवंतीला त्याज्य मानणे म्हणजे स्वतःचे आयुष्यच त्याज्य मानणे होते.

यावर उतारा म्हणून अशोक कुमार होतेच. प्रत्येक भागाच्या शेवटी ते पडद्यावर येत, दोहे-चुटके सांगत, घडलेल्या प्रसंगाचे मर्म समजावीत. मराठी वाचकाला येथे कीर्तनाची आठवण व्हावी. परंतु साम्यापेक्षा फरक बोलका आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण आधी येते आणि आख्यान नंतर. श्रोता आख्यानात शिरतो तो सिद्धांत हाती धरून. ‘हम लोग’मध्ये क्रम उलटा होता. आख्यान आधी होऊन जाई, भागवंतीसाठी डोळे ओले होऊन जात, आणि मग निरूपणकार येई. तोपर्यंत अर्थ लागून गेलेला असे. पुढील काळात तर अशोक कुमार भूमिका करणाऱ्या नटांची ओळख करून देत आणि ‘हम लोग’ हे शब्द निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारून निरोप घेत. ब्रेख्तच्या हिशेबाने नटाला नट म्हणून पुढे उभे केले की तादात्म्य मोडले पाहिजे. ते मोडल्याचे दिसत नाही. दादीला घशाचा कर्करोग होऊन तिचा मृत्यू व्हायचा होता. पण सुषमा सेठ यांची ही भूमिका लोकाग्रहास्तव लांबवावी लागली. ती नटी आहे हे ठाऊक असलेलेच प्रेक्षक तिला जगवा म्हणत होते.

प्रायोजकाला या वादात रस असण्याचे कारण नव्हते. १९८३ साली भारतीय बाजारात आलेल्या मॅगी नूडल्सची जाहिरात मालिकेबरोबर दिसे : आई दोन मिनिटांत मुलांची भूक भागवते. स्वयंपाकघरातून कधीच न सुटणाऱ्या भागवंतीशेजारी ही हसरी आई. आराखड्याला जे अनुकरणीय पात्र कथेत नीट उभे करता आले नव्हते, ते कदाचित या जाहिरातीतच होते.

सुमारे सतरा महिने आणि दीडशेहून अधिक भाग चालून मालिका १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. ३ जुलै २००० रोजी एका खाजगी वाहिनीवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली, तेव्हा सोसणारी सून त्याज्य ठरविण्याचा विचारही कोणाच्या आराखड्यात नव्हता. प्रेक्षकांनी पंधरा वर्षांपूर्वी दिलेले उत्तर आता नायिका म्हणून समोर उभे होते.