कॉर्नेल विद्यापीठाचे आरंभीचे अभ्यासक्रम

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात इथाका येथे ७ ऑक्टोबर १८६८ रोजी सुरू झालेल्या कॉर्नेल विद्यापीठाची पहिल्या वीस वर्षांतील शिक्षणयोजना. शेती, यंत्रविद्या आणि विज्ञान यांना ग्रीक-लॅटिनच्या पंक्तीला बसवणे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

१८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील दर सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन मिळाली. तिच्या उत्पन्नातून शेती, यंत्रविद्या आणि लष्करी शिक्षण देणारे महाविद्यालय चालवायचे होते. अभिजात विद्या वगळण्याचे बंधन नव्हते. न्यूयॉर्कच्या वाट्याला सुमारे ९ लाख ९० हजार एकर आले. तारायंत्राच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या एझ्रा कॉर्नेल यांनी त्यात ५ लाख डॉलर आणि स्वतःच्या शेताची भर घातली. १८६५ मध्ये विद्यापीठाला सनद मिळाली.

अभ्यासक्रमांची आखणी पहिले अध्यक्ष, इतिहासकार अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांची. येल आणि हार्वर्ड येथे विज्ञानासाठी वेगळ्या शाळा होत्या व तेथील विद्यार्थी कनिष्ठ समजले जात. व्हाइट यांना हा भेद मुळातच नको होता. त्यांच्या १८६६ च्या आराखड्यात शेती, यंत्रविद्या, स्थापत्य, खाणकाम यांसारखी व्यवसायनिष्ठ खाती एका बाजूला आणि विज्ञान, साहित्य व कला यांचे सर्वसाधारण शिक्षण दुसऱ्या बाजूला होते. प्रतिष्ठा मात्र दोहोंना सारखीच. ग्रीक आणि लॅटिन शिकणाऱ्याला बी. ए. आणि ग्रीक सोडून आधुनिक भाषांकडे वळणाऱ्याला तत्त्वज्ञानाची पदवी मिळे. विज्ञान शिकणारा बी. एस. होई. आज ही निवड साधी वाटते, पण त्या काळी ग्रीकशिवाय सन्मानाने पदवीधर होता येणे ही मोठीच गोष्ट होती.

शेतीच्या शिक्षणाचा पाया रसायनशास्त्रावर घातला गेला. गटिंगेन येथे शिकलेले जॉर्ज कॉल्डवेल कृषिरसायन शिकवीत. शिकवण्याच्या साधनांसाठी व्हाइट युरोपात गेले आणि जर्मनीतील होहेनहाइमच्या कृषिसंस्थेत घडवलेल्या नांगरांच्या प्रतिकृती त्यांनी आणल्या. मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात विद्यार्थ्यांना रोज ३ तास शेतात राबावे लागे. कॉर्नेलमध्ये अंगमेहनत ऐच्छिक व मोबदल्याची होती. कष्ट करून शिक्षणाचा खर्च भागेल, ही एझ्रा कॉर्नेल यांची आशा बहुतेकांच्या बाबतीत फोल ठरली. शेती शिकायला येणारेही थोडेच असत. आयोवाहून १८७४ मध्ये आलेले आयझॅक रॉबर्ट्स यांनी वर्ग बांधावर आणि गोठ्यात नेला, दुधाच्या नोंदी ठेवून गुरांचा कळप सुधारला. शेतीचा हा अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने त्यांनीच उभा केला.

पशुवैद्यकाची बाजू सुरुवातीपासून भक्कम होती. एडिंबरोला शिकलेले जेम्स लॉ यांनी घाईच्या, अपुऱ्या शिक्षणावर पदवी द्यायला ठाम नकार दिला. त्यांचे विद्यार्थी डॅनियल सॅमन १८७६ मध्ये अमेरिकेतील पहिले ‘डॉक्टर ऑफ व्हेटरिनरी मेडिसिन’ झाले. साल्मोनेला जीवाणूंना त्यांचेच नाव आहे. गुरांच्या टेक्सास तापाचा प्रसार गोचिडांमुळे होतो, हे सिद्ध करणाऱ्या गटाचे प्रमुख थिओबाल्ड स्मिथ हेही येथलेच, १८८१ चे पदवीधर.

विज्ञानात भौतिकीचे प्राध्यापक विल्यम अँथनी यांनी विद्यार्थ्याच्या मदतीने १८७५ मध्ये डायनॅमो बनवला आणि १८८३ मध्ये विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला. साहित्य व निसर्गविज्ञान यांसाठी जेम्स रसेल लॉवेल, लुई अगासी यांच्यासारखे बाहेरचे विद्वान व्याख्यानांना येत. १८७२ पासून स्त्रियांनाही रीतसर प्रवेश मिळाला.

शेतीचे खाते १८८८ मध्ये महाविद्यालय झाले. त्याच वर्षी लिबर्टी हाइड बेली फलोद्यानविद्येचे प्राध्यापक म्हणून आले. १९०४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ते शासकीय कृषी महाविद्यालय म्हणून मान्य केले, तेव्हा बेलीच त्याचे अधिष्ठाता होते.